कासारमावशीचं हळकुंड

एका गावात एक वड होता आणि त्या वडाखाली दर बुधवारी बाजार भरत असे. वड चांगला ऐसपैस होता, तरी त्याची सावली काही अख्ख्या बाजाराला पुरत नसे. म्हणून गावाने फार पूर्वीच एक रीत घालून दिली होती. जो आपला माल डोक्यावरून आणील त्याने सावलीत बसावे, आणि ज्याचा माल गाडीतून येईल त्याने उन्हात बसावे. ज्याची मान दुखली त्याला सावली, इतका साधा विचार त्यामागे होता.

या गावात दोन आळ्या होत्या. जुन्या आळीतली माणसे म्हणत, आजोबांनी जे केले ते उगाच केले नसेल, मोडण्याआधी नीट विचार करावा. नव्या आळीतली माणसे म्हणत, आजोबांचे आजोबांबरोबर गेले, आपले आपण बघावे. एरवी दोन्ही आळ्यांत सोयरिकी होत्या, उसनवारी होती, भांडणेही होती. पण दर पाच वर्षांनी कारभारी निवडायची वेळ आली की मधला रस्ता एकदम रुंद व्हायचा. आधी प्रत्येक आळी आपल्यातून एक उमेदवार पुढे करी, आणि मग त्या दोघांतून सारा गाव एकाला कारभारी करी.

जुन्या आळीत एक कासारीण राहत होती. सगळे तिला कासारमावशी म्हणत. बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन ती चाळीस वर्षे बाजारात येत होती आणि वडाच्या बुंध्याला पाठ टेकून बसत होती. गिऱ्हाइकाचा हात हातात घेऊन, बोटे दाबत, इकडच्या तिकडच्या गप्पांत गुंगवून ती अशी बांगडी चढवी की हाताला पत्ताही लागत नसे. आता तिचे गुडघे कुरकुरू लागले होते. जीभ मात्र अगदी ठणठणीत होती.

यंदा नव्या आळीने एक तरतरीत कापडवाला उभा केला होता. तो सरळ सांगत होता की डोक्यावर ओझी वाहायचे दिवस गेले, वडाखाली गाड्या येऊ द्या, ज्याचा माल जास्त त्याला जागा आधी. त्याचे म्हणणे पुष्कळांना पटतही होते. मावशी मात्र धास्तावली. दिवसभर उन्हात बसणे आता तिच्याने होणार नव्हते. सावली गेली की तिचा बाजार सुटणार, आणि बाजार सुटला की घरात एकटीने भिंतींशी बोलत बसायचे. त्यामुळे आपल्या आळीने कोणाला पुढे करावे, या विचाराने तिला घास गोड लागेना.

आळीतून तिघे उभे होते. पहिला मिशाळ. त्याच्या मिशीवर म्हणे लिंबू ठरत असे, आणि कोणी विचारले नाही तरी तो ते ठरवून दाखवी. पारावर उभा राहून तो नव्या आळीला असा फैलावर घेई की ऐकणाऱ्यांना पोटभर जेवल्यासारखे वाटे. मावशीने त्याच्या भाषणाला टाळ्या वाजवता वाजवता टोपलीला धक्का देऊन दोन बांगड्या फोडल्या होत्या.

दुसरा होता गोडबोल्या. त्याला नव्या आळीतही लोक चहाला बोलावत. याला पुढे केले तर पलीकडची अर्धी मते घरबसल्या आपली, असे शहाणी माणसे सांगत.

तिसरा होता सुतार. बोलायला उभा राहिला तर हातात रंधा नाही, मग हात ठेवायचे कुठे हेच त्याला कळेना. "वडाखालची रीत चांगली आहे. ती राहावी," एवढे म्हणून तो खाली बसला. लोकांना वाटले पाणी प्यायला थांबला असेल. पण त्याचे भाषण संपले होते.

अशातच मावशीचा जावई आला. त्याचा तांब्यापितळेच्या भांड्यांचा धंदा होता. श्रीखंडपुरी चापून झाल्यावर त्याने हळूच विषय काढला. त्याची भांड्यांनी भरलेली गाडी दर बुधवारी उन्हात तापते, तेव्हा सासूबाईंनी कोणाला तरी सांगून सावलीत एक जागा मिळवून द्यावी. आता जावई जेवून उठताना काही मागतो, त्याला नाही कसे म्हणायचे? मावशी दुसऱ्या दिवशी सकाळीच बाहेर पडली.

मिशाळाने तर तिला वाक्यही पुरे करू दिले नाही. "मावशी, तुम्ही आपल्या. आपल्या माणसाला कसली आलीय रीत? रीत त्या पलीकडच्यांसाठी," असे म्हणून त्याने मिशीवर ताव दिला. गोडबोल्याने तिला पाटावर बसवले, गूळपाणी दिले आणि जावयाची जागा बुंध्यापासून कोणत्या बाजूला हवी तेसुद्धा विचारून घेतले.

सुतार खाट विणत होता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि मान हलवली.

"नाही जमायचं, मावशी. गाडी सावलीत आली, तर डोक्यावर ओझं आणणारीला मी कुठं बसवू?"

मावशीने त्याला सांगितले की एकच तर गाडी आहे, आणि तीही आपल्याच जावयाची. सुतार म्हणाला, जावई सगळ्यांनाच असतात. मग तो पुन्हा खाटेकडे वळला. मावशी तणतणत घरी आली. ज्याच्या मुंजीत मी नाचले, तो मला रीत शिकवतो, असे ती वाटेत भेटेल त्याला ऐकवत होती.

बुधवार उजाडला. मावशी खुशीत होती, कारण दोघांनी तर हो म्हटले होते. त्या दोघांतल्या कोणाला निवडायचे एवढेच आता ठरवायचे होते. शेजारी बसणारी माळीण त्या दिवशी गालातल्या गालात हसत होती. मावशीने खोदून विचारले तेव्हा ती तिच्या कानाशी लागली. तिच्या भावाची कांद्याची गाडी यापुढे सावलीत येणार होती, मिशाळाने तसा शब्दच दिला होता. बाजूला बसलेल्या कुंभाराने हे ऐकले आणि तोही सरकत जवळ आला. त्याच्या व्याह्याला गोडबोल्याने जागा दिली होती, अगदी बुंध्याजवळची. टोपल्या विकणाऱ्या बुरडिणीलाही मग राहवेना, तीही बोलली. दुपारपर्यंत सात गाड्या निघाल्या, आणि त्यांतल्या तीन गाड्यांना नेमकी मावशीचीच जागा दिलेली होती.

मावशी वर वडाकडे बघत राहिली. कापडवाला निवडून आला तर सावली जाणार म्हणून ती घाबरली होती. इथे तर तिच्याच माणसांनी ती वाटून टाकली होती, आणि वाटून घ्यायला सगळ्यांत आधी गेली होती ती स्वतः. तिला मनापासून लाज वाटली. नाही म्हणणारा एकटा सुतार होता. जो मावशीला नाही म्हणाला, तोच उद्या मावशीसाठी दुसऱ्याला नाही म्हणू शकणार होता. पण त्याला पुढे केले आणि कापडवाल्याने त्याला भाषणातच आडवे केले तर? मग सावली जाणार ती जाणारच. ही भीती काही तिच्या मनातून हलेना.

दुसऱ्या दिवशी जुनी आळी पारावर जमली. तीन उमेदवारांचे तीन तांबे मांडले होते. त्या आळीत एका घराने एक हळकुंड आपल्या माणसाच्या तांब्यात टाकायचे, अशी पद्धत होती. मावशीची पाळी आली. ती हळकुंड हातात धरून उभीच राहिली. मग वळून तिने सगळ्यांसमोर सांगून टाकले की मी जावयासाठी सावली मागायला तिघांच्या दारी गेले होते, दोघांनी दिली, एकाने दिली नाही. पारावर क्षणभर चुळबुळ झाली. मग माळीण हसायला लागली आणि म्हणाली की मीही गेले होते. कुंभारानेही हात वर केला. बघता बघता निम्मी आळी हात वर करून हसत होती. एवढ्या गाड्यांना आणखी दोन वड लावावे लागतील, असे कोणीतरी म्हणाले. गोडबोल्या सगळ्यांकडे बघून गोड हसत राहिला, पण हसताना त्याला घाम फुटला होता. मिशाळ मात्र तापला.

"आपल्या माणसांसाठी एवढं केलं, तर बिघडलं काय?"

"बिघडलं असं," मावशी म्हणाली, "की तो कापडवाला सांगून गाड्या आणणार आहे आणि तू न सांगता आणणार आहेस. तुम्हा दोघांत फरक राहिला तो एवढाच. माझी रीत राखायला मला असा माणूस हवाय, जो मलाही ती मोडू देणार नाही. मग हरलो तरी बेहत्तर."

आणि तिने हळकुंड सुताराच्या तांब्यात टाकले. तिच्यामागून माळणीने टाकले, कुंभाराने टाकले. शेवटी सुताराच्या तांब्यात हळकुंडे मावेनात, तेव्हा मिशाळाचाच तांब्या उचलून त्याच्या कामी लावला.

नव्या आळीत आधी या निवडीचे हसे झाले. पण सुताराने कासारमावशीला तोंडावर नाही म्हटल्याची गोष्टही मधला रस्ता ओलांडून गेली होती. पलीकडेही डोक्यावर ओझी आणणाऱ्या बाया होत्याच. त्या काही बोलल्या नाहीत, पण मत द्यायच्या दिवशी वेळेवर आल्या. सुतार थोडक्या मतांनी निवडून आला. हार गळ्यात पडल्यावरही हात कुठे ठेवावे हे त्याला कळत नव्हते.

पुढच्या बुधवारी बाजार भरला. जावयाची गाडी उन्हात उभी होती आणि जावई तोंड फुगवून भांडी पुसत होता. इतक्यात नव्या आळीतली एक सून डोक्यावर फण्यांची पाटी घेऊन आली. सावलीत जुन्या आळीची माणसे दाटीवाटीने बसली होती. कोणीतरी कुजबुजले की ही त्यांच्यातली आहे, हिला कशाला इथे? सुताराने ते ऐकले.

"डोक्यावरून आणलंय ना तिनं? मग ती सावलीत बसेल," तो म्हणाला.

जागा होती ती फक्त बुंध्याजवळ, मावशीच्या पलीकडे वीतभर. मावशीचे तोंड उघडले होते. सुताराने तिच्याकडे पाहिले, आणि तिने ते मिटले. मग तिला हसूच फुटले. चाळीस वर्षे धरून ठेवलेला बुंधा तिने थोडा सोडला, टोपली ओढली आणि सरकून बसली. त्या सुनेचा हात तिने आपल्या हातात घेतला आणि गप्पा मारत मारत तिला हिरवी बांगडी चढवली. उन्हातल्या जावयाला तिने माळणीच्या हाती गार ताक पाठवले, आणि तेही दोनदा.

तात्पर्य: आपल्यासाठी जो रीत वाकवतो तो ती कोणासाठीही वाकवील, म्हणून जपायचे ते त्याच्या हाती द्यावे, जो आपल्यालाही नाही म्हणू शकतो.