ज्याने कायद्यात फट ठेवली नाही

फार जुनी गोष्ट. त्या राज्याचे नावही आता कुणाला आठवत नाही. तिथे राजाचे कायदे लिहिणारा एक पंडित होता.

पंडिताला त्याच्या गुरूने एक शिस्त लावली होती. मसुदा राजाकडे नेण्याआधी तो घरी मोठ्याने वाचायचा, आणि जिथे ‘जो कोणी’ असेल तिथे आपल्या माणसाचे नाव घालायचे. पंडित बायकोचे नाव घाली. ती गावची सुईण होती.

“अंधार पडल्यावर कालिंदी पूल ओलांडील, तर तिला कैद,” तो वाची.

“आणि पलीकडे बाळंतीण अडली असली तर?” चुलीपाशी बसलेली कालिंदी विचारी. “मला कैदेत धाडून भाकऱ्या कोण थापणार आहे?”

पंडित हसे, आणि मसुद्यात एक सवलतीचे वाक्य वाढवी. त्याचे कायदे लोकांना जाचत नसत, ते यामुळे.

पुढे पंडिताचे नाव झाले. त्याच्या कायद्यात फट सापडत नाही, असे दरबारी म्हणू लागले. ती स्तुती त्याला गोड लागली. घरी वाचणे हळूहळू मागे पडले. बायकोला काय विचारायचे, असे त्याला वाटू लागले.

एकदा राजाच्या राखीव रानातली हरणे कुणीतरी मारली. राजा संतापला. “असा कायदा लिहा की कुणी सुटता कामा नये. मीसुद्धा माफी देऊ शकणार नाही, असा.”

पंडिताने बसल्या बैठकीला लिहिले. ‘जो कोणी राखीव रानात पाऊल टाकील, त्याने कायमचे राज्य सोडावे. यास माफी नाही.’ शाई वाळते न वाळते तोच शिक्का उठला. दरबाराने वाहवा केली.

महिनाभरात शिपाई एका बाईला धरून दरबारात घेऊन आले. ती कालिंदी होती. रानाच्या रखवालदाराची बायको झोपडीत अडली होती, म्हणून ती आत गेली होती. रखवालदार राजाच्या पायांवर डोके ठेवून रडला. “महाराज, माय न् लेकरू दोघं जगली ती हिच्यामुळं.”

राजाचा चेहरा उतरला. “पंडित, काही वाट आहे का?”

पंडित म्हणाला, “नाही, महाराज. मी ठेवलीच नाही.”

“मग कायदा बदला.”

“आज बदलला तरी तो उद्यापासून लागतो. मागच्याला नाही. या राज्याचा पहिला नियमच तो आहे.”

पंडित कालिंदीबरोबर निघाला. तिने त्याला वेशीवर थांबवले. “तुम्ही मागं फिरा. तो कायदा तसाच राहिला तर उद्या दुसरी कुणी जाईल. आणि लिहिलंत की वाचत जा, मोठ्यानं.”

ती पुन्हा कुणाला दिसली नाही.

पंडित घरी आला. त्याने नवा मसुदा लिहिला आणि मोठ्याने वाचला. “कालिंदी रानात पाऊल टाकील, तर...”

तो थांबला. सवयीने चुलीकडे पाहिले. चूल थंड होती, आणि विचारणारे कुणी नव्हते. त्याने आपल्याच हाताने सवलतीचे वाक्य लिहिले आणि तो रडत बसला.

तात्पर्य : दुसऱ्यासाठी नियम करताना तो आधी आपल्या माणसाला लावून पाहावा.