म्हाळूनं आणली दातांची खुर्ची

कोथळवाडीत म्हाळू नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती? तर सांगितलं तेवढंच करायचा, आणि तेच नेमकं अंगाशी यायचं.

त्याच्या मावशीची दाढ सारखी ठणकायची. पण गावच्या दवाखान्यात रोग्याला बसवून दात बघायची, दातांची खुर्चीच नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गावाचे दात सुधारलेले दिसले, तर जिल्ह्याचे मोठे साहेब खुर्ची देतील." म्हाळूनं ठरवलं, मावशीसाठी खुर्ची आणायचीच! लागला बाईंच्या हाताखाली.

बाई म्हणाल्या, "म्हाळू, ही टूथपेस्ट गावात वाट."

म्हाळूनं चावडीपुढं पाटा-वरवंटा मांडला आणि ट्यूबांसकट सगळी पेस्ट वाटली. अगदी बारीक!

"अरे देवा! वाटायची म्हणजे घरोघर देऊन यायची!"

"बरं बाई. ध्यानात ठेवतो."

संध्याकाळी मावशी म्हणाली, "म्हाळू, तेवढ्या मिरच्या वाट रे."

म्हाळू घरोघर मिरच्या देऊन आला.

मावशीनं कपाळावर हात मारला. "मेल्या, काम कशासाठी आहे ते आधी विचारावं!"

"बरं मावशी. ध्यानात ठेवतो."

सकाळी बाई म्हणाल्या, "घरोघरचे दात मोजून ये."

"कशासाठी?" म्हाळूनं विचारलं. शहाणाच झाला होता ना आता!

"आत्ता मोजायचे, वर्षानं परत मोजायचे. म्हणजे फरक दिसतो."

म्हाळू गाव फिरून आला. "बाई, सुताराची करवत झकास आहे. पण पाटलीणबाईंच्या फणीचे दात पार गेलेत हो!"

"अरे बाबा, माणसांचे! फरक माणसांच्या दातांत दिसायला हवा!"

"बरं बाई. ध्यानात ठेवतो."

मग बाईंनी स्वतःच सगळ्यांना आ करायला लावून दात मोजले. नवी पेस्ट आणून वर्षभर गावानं घसाघसा दात घासले. परत मोजले, तर मळके दात निम्म्यावर आलेले! साहेब बघायला आले. पाटलांच्या सागवानी खुर्चीत ऐसपैस बसले. लोकांची तोंडं बघून खूश झाले आणि म्हणाले, "वा! दिली तुम्हाला खुर्ची. घेऊन जा!"

मावशी गालाला फडकं बांधून समोरच उभी होती. म्हाळूचा आनंद गगनात मावेना. त्यानं साहेबांच्या खालची खुर्ची सर्रकन ओढली आणि डोक्यावर घेऊन निघाला.

धप्प! साहेब आधी बुडावर आपटले, मग तोंडावर. पुढचा दात हातात आला.

"म्हाळू, हे काय केलंस रे?" बाई किंचाळल्या.

म्हाळूनं मावशीला खुर्चीत बसवलं. मग वाकून साहेबांच्या तोंडात निरखून पाहिलं, आणि टाळीच वाजवली.

"बाई, फरक दिसला! आणि माणसाच्याच दातांत!"