आधी परीक्षा समितीची

सोनवळ संस्थानात तिसरीचा अभ्यासक्रम सर्वांनी मिळून ठरवावा, असं महाराजांच्या मनात आलं. दिवाण त्र्यंबकपंतांनी लगोलग समिती नेमली. सर्वांनी मिळून म्हणजे काय, तर तुझं मी घेतो, माझं तू घे! सेनापतींनी तलवारींचे झाडून सगळे प्रकार घातले, राजवैद्यांनी काढ्यांच्या कृती घातल्या आणि दिवाणांनी आपल्या घराण्याची बारा पिढ्यांची वंशावळ चिकटवली. कुणी कुणाला अडवलं नाही. बाड इतकं फुगलं की उचलायला दोन शिपाई लागले.

शाळेच्या यमुनाबाईंना सगळ्यात शेवटी बोलावलं, तेही मान डोलवायला. बाईंच्या डोळ्यांपुढं त्यांची आठ वर्षांची पोरं आली. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "महाराज, झकास झालंय. फक्त मुलांना धीर यावा म्हणून उद्या भर दरबारात ही परीक्षा आधी समितीनं द्यावी. जो नापास होईल त्यानं वर्षभर माझ्या तिसरीत बसावं."

महाराजांना कल्पना भलतीच आवडली. समितीला मात्र दरदरून घाम फुटला. सेनापतींनी काढे खोडले, वैद्यांनी तलवारी खोडल्या. संध्याकाळपर्यंत मुळातलं वाचन, पाढे आणि दिवाणांची वंशावळ तेवढी उरली. तिला हात लावायची कुणाची छाती होईना. अखेर खुद्द दिवाणांनीच लेखणी उचलून तिच्यावर काट मारली.

"अहो पंत, हे तर तुमचंच घराणं!" महाराज म्हणाले.

"आजोबांच्या मागचं मलाही पाठ नाही, महाराज," दिवाण पुटपुटले.

बाईंनी उरलेलं पान उचललं.

"आता झाला बरं," त्या म्हणाल्या, "सर्वांनी मिळून केलेला अभ्यासक्रम."