शेटजींच्या घरची कॉफी

"सगुणा! ही कॉफी आहे की भिजवलेला कोळसा?"

राजेसाहेबांनी पेला असा आदळला, की बशीचे दोन तुकडे झाले. सागरगडच्या या राजेसाहेबांचं एक वेळ सिंहासन हललं तरी चाललं असतं. सकाळची कॉफी बिघडलेली चालत नसे. आणि हल्ली ती रोज बिघडत होती.

मुदपाकखान्यात कॉफी करणारी सगुणा दारातच उभी होती. तिला भीती वाटायला हवी होती, पण आला तो राग. "सरकार, दळते मी, उकळते मी, पण दाणा काही मी पिकवत नाही. मालच वाईट येतोय!"

माल पुरवणारे बाबलशेट नेमके तिथेच बसलेले. बंदरावर गलबतातून कॉफी उतरायची ती फक्त त्यांच्याच दुकानात. ते उसळले. "माल वाईट? सगळ्यांत महागाचं पोतं येतं राजवाड्यात! खोट हिच्या हातात आहे, सरकार. माझा भाचा ठेवून बघा, बोटं चाटत राहाल! आणि माल निवडायला हिला पाठवू नका हं. तुमची माणसं चाखायच्या नावाखाली मूठमूठ दाणे तोंडात टाकतात!"

राजेसाहेब पहिल्यापासूनचे हट्टी. कुणी 'नको' म्हटलं, की तेच करायचं.

"ठरलं! सगुणा, उद्या तूच जायचं. दुकानातली सगळ्यांत उत्तम कॉफी आणायची, तीही निम्म्या भावात. पण चाखायचं नाही, हुंगायचं नाही, दाण्याला बोट लावायचं नाही आणि चांगली कुठली ते कुणाला विचारायचंही नाही! जमलं तर बक्षीस. नाही जमलं, तर उद्यापासून चूल शेटजींच्या भाच्याची!"

"डोळे तरी उघडे ठेवू ना, सरकार?"

"ठेव की! त्याला काय पैसे पडतात?"

आईमागून ही चूल सगुणाकडे आली होती आणि तिचा जीव होता त्या चुलीवर. ती कुणा भाच्याच्या हाती द्यायची, या विचारानेच तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी नाकाला पदर गुंडाळून ती बंदरावर गेली. अटी मोडू नयेत म्हणून राजेसाहेबांनी धोंडबा शिपायाला बरोबर दिलं होतं. बाबलशेटांचं दुकान पुढे, घर मागे. पोती ओळीने मांडलेली, आणि सगळ्यांत महागाच्या पोत्याला तर लाल रेशमी फीत! सगुणा मुकाट्याने पायरीवर बसली.

"बघ, बघ! डोळे भरून बघ!" शेटजी खुशीत होते. "बघून कुणाला कॉफी कळली असती, तर मी दुकान कशाला मांडलं असतं?"

सगुणा बसूनच राहिली. दुपार झाली. शेटजींनी जांभई दिली आणि आत हाक मारली, "अगो, कॉफी ठेव जरा!"

शेटीणबाई वाटी घेऊन बाहेर आल्या. पहिलं पोतं ओलांडलं, दुसरं ओलांडलं, रेशमी फितीच्या पोत्याकडे तर ढुंकूनही पाहिलं नाही! थेट कोपऱ्यात गेल्या, तेलाचे डबे सरकवले आणि मागच्या मळकट पोत्यातून वाटी भरून घेतली.

सगुणा ताडकन उठली. "शेटजी, त्या कोपऱ्यातल्या पोत्याचा भाव काय?"

शेटजी दचकले. "ते? छे छे! तो झाडून काढलेला कचरा! गुरांपुढे टाकला तर गुरं तोंड फिरवतील!"

"असू दे हो. भाव सांगा."

"कचऱ्याला कसला भाव? आणा-दोन आण्याला अख्खं पोतं ने!" शेटजी हसत सुटले.

बंदराचा रिवाज असा, की दुकानदाराने साक्षीदारासमोर भाव सांगितला आणि गिऱ्हाइकाने पैसे तागडीत टाकले, की सौदा पक्का. सगुणाने दोन आणे तागडीत टाकले. ठण्ण! "धोंडबा, ऐकलंत ना? उचला पोतं!"

शेटजींचं हसू जागच्या जागी वाळलं.

संध्याकाळी राजेसाहेबांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. तेवढ्यात बाबलशेट धापा टाकत आत शिरले. "सरकार, बुडालो! हिने माझ्या घरची कॉफी नेली! अख्ख्या गलबतातला निवडून ठेवलेला दाणा—"

आणि त्यांनी जीभ चावली.

"अस्सं!" राजेसाहेबांनी पेला हळूच खाली ठेवला. "निवडलेला तुमच्या घरी. मग आमच्याकडे काय, फीत?"

राजेसाहेब सगुणाकडे वळले. "पण खरं सांग. न चाखता एवढी अचूक निवड? अट मोडलीस ना?"

धोंडबाने जोरजोरात नकारार्थी मान हलवली. सगुणा मात्र शांतपणे म्हणाली, "नाही, सरकार. चाखायची बंदी मला होती, शेटजींना कुठे होती? माझी जीभ वापरायची नव्हती, म्हणून मी शेटजींची वापरली!"

राजेसाहेब असे खो खो हसले, की पेल्यातली उरलेली कॉफी अंगरख्यावर सांडली. तिथल्या तिथे त्यांनी सगुणाला सोन्याच्या पाटल्या दिल्या आणि राजवाड्याची सगळी खरेदी तिच्या हाती सोपवली.

"आणि शेटजी, असे उभे का? बसा!" डोळे पुसत राजेसाहेब म्हणाले. "सगुणा, त्यांच्यासाठी पेलाभर कॉफी आण. आमच्या जुन्या पोत्यातली!"

शेटजींनी एक घोट घेतला आणि त्यांचं तोंड असं काही झालं, की राजेसाहेबांना पुन्हा हसू आवरेना.