मुंगसाचे स्नान

एकदा एका व्यापाऱ्याची लहान मुलगी आपले पाळीव मुंगूस उराशी धरून गावच्या वृद्ध वैद्यांकडे आली. कुत्र्याने त्याचा मागचा पाय फाडला होता.

"बरं होईल ना, आजोबा?" एवढेच तिने विचारले.

वैद्यांनी मुंगूस ठेवून घेतले आणि त्याची शुश्रूषा आपला शिष्य हरिदत्त याच्याकडे सोपवली. हरिदत्ताने मनापासून सेवा केली. जखम भरली, तसा व्यापाऱ्याला निरोप गेला.

मुलगी यायची त्या सकाळी हरिदत्ताच्या मनात आले, श्रीमंताघरचा प्राणी, तो स्वच्छ करूनच द्यावा. त्याने घंगाळात कोमट पाणी घेतले, मुंगसाची नखे कापली आणि रिठ्याच्या फेसाने अंग चोळले. स्नान झाले, पण त्याच्या अंगाला उग्र दर्प सुटला. त्याने पुन्हा चोळले. दर्प अधिकच वाढला. मुंगूस धडपडले, निसटू पाहू लागले, शेवटी त्याने हरिदत्ताच्या अंगठ्यात दात रोवले. पाण्यात रक्त उतरले.

"गप्प राहा! तुझ्या भल्यासाठीच चाललंय!" हरिदत्त ओरडला आणि त्याने त्याची मान आवळली.

रस्त्यावर बैलांच्या घुंगरांचा आवाज येऊ लागला होता. हरिदत्ताचे हात अधिकच घाईने चालू लागले. आणि अकस्मात मुंगूस धडपडायचे थांबले. त्याची मान लुळी पडली.

"गुरुजी!"

वैद्य धावत आले. त्यांनी मुंगूस उचलले, छातीला कान लावला आणि ते ओले शरीर थेट अंगणातल्या उन्हाने तापलेल्या मातीत ठेवले.

"गुरुजी, हे काय? सगळं मळेल! गाडी येतेच आहे!"

"मागे हो. हात लावू नकोस."

थोड्या वेळाने मुंगसाची एक मिशी हलली. मग ते कुशीवर वळले, मातीत लोळले, अंग झाडून पुन्हा लोळले. हळूहळू तो दर्पही विरून गेला.

वैद्य म्हणाले, "हरिदत्ता, हा प्राणी भ्याला की त्याच्या अंगातून दर्प सुटतो. तू मळ समजून त्याची भीती धूत होतास, आणि धुता धुता ती वाढवत होतास. त्याने अंग चोरलं, निसटू पाहिलं, चावलं. त्याला याहून वेगळं बोलता येत नाही. आपण भलं करतो आहोत अशी ज्याची खात्री पटते, त्याला समोरच्याचं 'पुरे' ऐकू येत नाही."



तेवढ्यात मुलगी गाडीतून उडी मारून आत आली. मातीने माखलेले मुंगूस लंगडत तिच्याकडे धावले. तिने त्याला उचलून, डोळे मिटून त्याच्या पाठीत नाक खुपसले. तिच्या रेशमी परकरावर चिखलाचे डाग उमटले.

सवयीने हरिदत्त ओले फडके घेऊन पुढे झाला. दोन पावलांवर तो थबकला.

"बाळ, पुसू का?" त्याने विचारले.

मुलीने डोळे न उघडताच नकारार्थी मान हलवली. हरिदत्त फडके बाजूला ठेवून तिथेच खाली बसला.