साठावी सुपारी

फार मागची गोष्ट. राजे पुष्कळ होते आणि भिंती थोड्या होत्या, तेव्हाची.

एका गावाची खळवाडी गावाबाहेर होती. साऱ्या गावाची खळी तिथे एकाला एक लागून. सुगी आली की मळणी तिथेच, उफणणीही तिथेच. खळवाडीच्या पश्चिमेला उघडा माळ होता. त्यावर झाड नाही, घर नाही. शेळ्या चरायच्या, एवढेच.

उफणायला येमाजीसारखा माणूस त्या गावात नव्हता. सत्तरी उलटली होती, पण एकदा वावडीवर, म्हणजे उफणायच्या तीन पायांच्या घडवंचीवर, चढला की तो रास स्वच्छ करूनच उतरायचा. चढल्यावर आधी मूठभर माती सोडायचा आणि ती कुठे जाते ते बघायचा. मातीने दिशा सांगितली की मग सूप धरायचा. दाणे पायाशी पडायचे, भूस लांब जायचे. बोलणे मात्र धान्यातल्या खड्यासारखे. थोडे, आणि दाताखाली येणारे.

एका वर्षी सुगीच्या तोंडावर राजाचा कारभारी आला. माळावर राजाचे कोठार बांधायचे होते. दोन पुरुष उंच भिंत, माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कारभाऱ्याने पारावर बसून समजावले, की खळवाडीची वीतभरही जागा जाणार नाही. हवा आहे तो पडीक माळ. शिवाय कोठारात दर घराला एक कणगी ठेवायला जागा मिळेल.

गाव खूश झाले. पडीक देऊन पक्के मिळते, मग नाही कोण म्हणणार?

गावाचा एक जुना रिवाज होता. सामाईक जागा द्यायची, तर पारावर ताट ठेवायचे आणि दर घराने त्यात एक सुपारी टाकायची. एक कमी पडली तरी जागा हलायची नाही. राजासुद्धा हा रिवाज मानत असे. गावात घरे साठ. संध्याकाळपर्यंत ताटात एकोणसाठ सुपाऱ्या पडल्या.

येमाजी पारावर आला होता. सुपारी त्याच्या मुठीत होती. मूठ उघडली नाही.

पाटलांनी विचारले, “येमाजी, तुझं खळं कोणी मागितलंय का?”

“खळं ठेवताय आणि वारा देताय,” येमाजी म्हणाला. “मग खळ्यात काय, निजायचं?”

लोक हसले. कोणी म्हणाले, वारा काय म्हाताऱ्याचा चुलतभाऊ आहे, भिंत बघून माघारी जायला? भिंतीवरून येईल. येमाजी उठला, सुपारी कनवटीला लावली आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्याला कोणी रामराम घालेना. सुगी असून उफणायला बोलावणे येईना. विहिरीवर त्याच्या सुनेला बघून बायका घागरी उचलू लागल्या. ती घरी येऊन म्हणाली, “मामंजी, एका सुपारीपायी घर वाळीत पडेल.”

“पडू दे. माळ माझा असता तर देऊन टाकला असता. गावाचा आहे, म्हणून देता येत नाही.”

चौथ्या दिवशी कारभारी स्वतः दारात आला. गाव राजी आहे, असे तो राजाला आधीच सांगून बसला होता. त्या रिकाम्या जागेत तुझे काय आहे, असे त्याने येमाजीला विचारले.

येमाजीने अट घातली. जिथे भिंत उभी राहणार तिथे तेवढेच उंच तट्टे बांधायचे. त्यांच्या आडोशाला तीन दिवस उफणणी करायची. रास स्वच्छ झाली, तर सुपारी कारभाऱ्याची.

तीन दिवसांनी काय बिघडते? कारभारी हसत कबूल झाला.

माळावर बांबू रोवले. तट्टे बांधले, फटींना घोंगड्या लावल्या. येमाजीने गाठी स्वतः मारल्या, आणि पक्क्या मारल्या. खोटेपणा त्याला जमत नसे.

पहिल्या दिवशी तो वावडीवर चढला. माती सोडली. ती त्याच्याच पायांवर पडली. सूप धरले. दाणा आणि भूस एकत्रच खाली आले. दिवस मावळेपर्यंत तेच. लोक म्हणाले, म्हातारा मुद्दाम सूप वाकडे धरतो.

येमाजी खाली उतरला. सूप पाटलांच्या हातात दिले आणि बाजूला झाला.

दुसऱ्या दिवशी पाटलांनी उफणून पाहिले. मग कारभारीही चढला. दाढीत भूस घेऊन शिंकत उतरला. रास होती तशीच राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी दक्षिणेला आभाळ भरून आले. साठ खळ्यांवर गावाचे वर्षाचे अन्न भुसासकट उघडे पडले होते. भिजले असते तर काळे पडले असते. सगळे येमाजीकडे बघू लागले. तो राशीपाशी बसून होता.

पाटील म्हणाले, “येमाजीबाबा, तट्टे काढू या.”

“तीन दिवसांचा शब्द मी दिलाय. मी मोडणार नाही. गावाला मोडायचा असेल तर गावाने मोडावा.”

पाटलांनी विळा घेतला आणि पहिली दोरी स्वतः कापली. मग साऱ्या गावाचे विळे चालले. तट्टे आडवे झाले आणि दावे सोडलेल्या गुरांसारखा वारा खळवाडीत शिरला. साठ वावड्या उभ्या राहिल्या. येमाजी मधल्या वावडीवर होता. भूस पार ओढ्यापर्यंत उडाले. दिवेलागणीला पाऊस आला, तेव्हा खळी रिकामी होती आणि कणग्या भरलेल्या.

सकाळी ताट पारावरच होते. कोणी कोणाला सांगितले नाही. एकेक घर आले, आपली सुपारी उचलून गेले. कारभारी उभा राहून बघत होता. ताट रिकामे झाल्यावर येमाजी आला. कनवटीची सुपारी काढली, अडकित्त्याने फोडली आणि अर्धी कारभाऱ्यापुढे धरली.

“कारभारी, पाहुणे आहात. खाऊन जा.”

कारभारी शेजारच्या गावी गेला. तिथे घटकाभरात सगळ्या सुपाऱ्या पडल्या. त्या गावच्या खळ्यांलगतच्या माळावर मोठे कोठार उभे राहिले. आणि दर सुगीला त्या गावच्या गाड्या भुसासकट धान्य भरून या खळवाडीवर येऊ लागल्या. पाळी लागेपर्यंत माणसे माळाच्या कडेला बसून असायची.

तात्पर्य: मोकळी जागा रिकामी नसते, देऊन टाकण्याआधी तिचे काम उद्या कोण करील, ते विचारावे.