कौतिकेनं नेलेली माशी

फार वर्षांपूर्वी, विहिरींवर मोटा चालत होत्या त्या काळात, वऱ्हाडातल्या बोरखडी गावात कौतिका नावाची, शेतात निंदणी करणारी बाई राहायची. बाकीच्या बाया पिकातलं तण काढायच्या, ही धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचंही काढायची. पेटारी दिसली, रानभेंडी दिसली, की मुळासकट उपटायची. कपाशी नसते तेव्हा पांढरी माशी याच झाडांवर दिवस काढते, हे तिनं बघून बघून हेरलं होतं. पण मजुरीच्या बाईचं ऐकतो कोण? लोक हसायचे.

एका वर्षी माशी अशी आली की झाडाला हात लागला तरी पांढरा धुरळा उठायचा. पानं चिकट झाली, मग काजळी धरून काळी पडली. गावाला कुणाच्या तरी माथी खापर फोडायचं होतं. कौतिका एकटी, धुऱ्याधुऱ्यानं फिरणारी. झालं, हिनंच करणी केली. उकंडराव पाटलानं चावडीवर सांगून टाकलं, "कौतिके, उद्या दिवस मावळायच्या आत गाव सोड."

कौतिकेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांच्या धुऱ्यांवर तिनं फुकट कंबर मोडली, तेच माना डोलावत होते.

वेचणी संपली की उन्हाळ्याआधी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उभी झाडं, उपटायची, ही गावाची रीत. पाटलानं मात्र चार बोंडांच्या हावेपायी गेल्या सालची पऱ्हाटी पाणी देऊन हिरवी ठेवली होती. अशा कपाशीला फरदड म्हणतात. सगळ्यांना ती दिसत होती आणि कुणी तोंड उघडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कौतिकेनं लुगडं हळदीत पिवळंजर्द रंगवलं, त्यावर एरंडेल चोपडलं आणि थेट पाटलाच्या फरदडीत शिरली. पिवळ्यावर माशी झेपावते, हेही तिनं पाहिलेलं होतं. असं म्हणतात, शेतातून ढग उठला आणि धुरा ओलांडेपर्यंत लुगडं पांढरंशुभ्र झालं. तशीच ती चावडीवर येऊन उभी राहिली.

"पाटील, माशी माह्या करणीतून नाई आली. तुमच्या फरदडीतून आली. पदर झटकून दाखवू काय?"

खरं काय ते सगळ्यांना कळलं होतं, तरी एकाही माणसानं तिला थांब म्हटलं नाही. याचा राग आजही येतो. ती वळली आणि उगवतीच्या वाटेनं चालू लागली. असं म्हणतात, साऱ्या शिवारातली माशी तिच्यामागोमाग उडत गेली, आणि त्या वर्षी कपाशी दोनदा फुटली.

बोरखडीत आता फरदड कुणी ठेवत नाही. फाल्गुनात पहिली पऱ्हाटी पाटलाच्या घरचा थोरला स्वतः उपटतो, बाया धुऱ्यावरची पेटारी काढतात. मग सगळं गाव उगवतीकडे तोंड करून म्हणतं, "कौतिके, चूक आमची होती." हे मोठ्यानं म्हणावं लागतं, कारण ती फार लांब गेली आहे, असं म्हणतात.